छायाचित्रामागील नावे

दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या रणांगणाची छायाचित्रे व चित्रफिती हौशी अभ्यासक परस्परांना आवर्जून दाखवितात. तोफेची जात ते अचूक ओळखतात. शिपायाच्या चित्राखाली मात्र बहुधा ‘भारतीय सैनिक’ एवढेच! माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसमुळे त्यांचे नाव राहिले. २०२३ मध्ये मोंतोने येथे स्मारकही झाले. त्यांच्या तुकडीतील बाकी सारे त्या माऱ्यात ठार वा जखमी झाले होते. एखाद्या चित्रात ते असतील, तर ओळखणार कोण? आपल्या पेटीतील छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव, पलटण, गाव लिहून ठेवा. ते चेहरे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.