आमच्या कन्या आणि क्रीडांगण
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



देवळामागील मोकळ्या जागेविषयी महोत्सव समितीपुढे दोन सूचना आल्या आहेत. एक अशी की, तेथे फरशी घालून मोटारींची सोय करावी. दुसरी अशी की, तेथे बास्केटबॉलचे दोन खांब उभारावेत, आणि तेही मुख्यत्वे मुलींसाठी. दुसऱ्या सूचनेस काही वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. आमचा कल कोणीकडे आहे हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा कारणे तेवढी ऐकून घ्यावीत.

आपल्या धर्मग्रामातील एक कन्या नागपुरातच महाविद्यालयात शिकते आणि बास्केटबॉल व सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांत आपल्या संघाचा आधार आहे. (सॉफ्टबॉल नावाने मऊ असला तरी त्याचा चेंडू चांगलाच कठीण असतो, हे आमच्या बोटांस ठाऊक आहे.) एका खेळात पाच जणी अखंड धावतात, दुसऱ्यात नऊ जणी आपापली जागा राखून क्षणाची वाट पाहतात. दोहोंस लागणारा धीर एकाच मुलीच्या ठायी असणे ही परमेश्वराची देणगीच म्हणावयाची. तिचे आईबाप मात्र चिंतेत आहेत. उन्हाने रंग काळवंडला, स्थळे येईनाशी झाली, परगावी सामने असले की रविवारची मिस्सा चुकते, अशी गाऱ्हाणी घेऊन ते आमच्याकडे आले होते.

मिस्सेचे उत्तर सोपे आहे. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पुरे होते. 1983 च्या धर्मविधीसंहितेत तसे स्पष्ट आहे. रंगाविषयी आम्ही काय बोलावे? बाकीच्या गाऱ्हाण्यांसाठी मात्र वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांची हकीकत सांगणे जरूर आहे.

1931 साली जन्मलेल्या या आपल्याच धर्माच्या कन्येने धावणे आणि हॉकी या दोन्ही खेळांत देशाचे नाव राखले. 1951 साली दिल्लीस पहिले आशियाई सामने झाले, त्यांत तिने दोनशे मीटर धावण्यात कांस्यपदक व चौघींच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. पुढल्या वर्षी हेलसिंकी येथील ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली. परंतु जाण्यायेण्याच्या खर्चास पैसा नव्हता. तेव्हा मित्रमंडळींनी नाचाचा कार्यक्रम आणि पत्त्यांचे डाव भरवून तो उभा केला. पत्त्यांविरुद्ध आम्ही एरवी पुष्कळ बोलतो. त्या डावांविरुद्ध बोलवत नाही. हेलसिंकीत ती प्राथमिक फेरीपलीकडे गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण 1954 साली मनिला येथे चौघींच्या शर्यतीत सुवर्णपदक आले, आणि त्या चौघींत स्टेफी डिसोझा होत्या. त्याही धावपटू आणि हॉकीपटू! त्यांना 1963 साली अर्जुन पुरस्कार मिळाला व 1964 साली त्या टोकियोस धावल्या. मेरीबाईंस ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो 2013 साली, म्हणजे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. आपला समाज मुलींच्या पराक्रमाची दखल किती सावकाश घेतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बास्केटबॉलविषयी तर धर्मनिष्ठांनी नाक मुरडण्याचे कारणच नाही. 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तो ज्यांनी काढला, ते जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्राचे पदवीधर होते. त्यांनी सज्जाला पीचच्या टोपल्या टांगून आरंभ केला. आणि संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीचाच दृष्टांत घेतला, तो उगाच नव्हे. करिंथजवळ मोठे क्रीडामहोत्सव भरत असत, व तेथील लोकांस धावणाऱ्याचा घाम परिचयाचा होता.

मोटारी आज रस्त्याच्या कडेस उभ्या राहतात, उद्याही राहतील. मुलींस मात्र सायंकाळी सुरक्षितपणे खेळावयास या वस्तीत दुसरी जागा नाही. वांद्र्याच्या मंडळींनी एका कन्येसाठी सागरापारचा खर्च उचलला. आपल्याकडे मागणी दोन खांबांची आणि एका दिव्याची आहे. दिवा आठ वाजता मालवावा, अशी आमची अट राहील.

समितीची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. त्या कन्येच्या वडिलांसही आम्ही बोलाविले आहे.