सोने स्वस्त झाले तर?



आज आम्ही एक प्रश्न विचारतो. समजा, सोने विटांच्या भावाने मिळू लागले. तर त्याचे आपण काय करू?

पहिले काम घराच्या छपराचे. लोखंडी पत्रा गंजतो, त्याला भोके पडतात. सोने कधी गंजत नाही. शिवाय ते ठोकून फार पातळ होते. एका ग्रॅमचा वर्ख सुमारे एक चौरस मीटर पसरतो. पत्र्याला सोन्याचा मुलामा दिला, तर तो अखंड आहे तोवर गंजाची काळजी नाही.

दुसरे काम स्वयंपाकघरात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते. म्हणून कल्हई करावी लागते. सोन्याला आंबट बाधत नाही. कल्हईवाल्याची वाट बघायला नको! पण बायांनो, घागर मात्र सोन्याची नको हं. पितळेची रिकामी घागर दोन किलोची असेल, तर तेवढीच सोन्याची साडेचार किलो भरेल. मान मोडायची!

आता शेतात चला. जिजाबाईंनी पुण्यात सोन्याच्या नांगराने जमीन नांगरली, अशी कथा आहे. तो शुभ मुहूर्त होता. रोजच्या नांगरटीला ते जमायचे नाही. शुद्ध सोने मऊ असते. मुरमाड रानात फाळ वाकून जाईल. फाळ, विळा, कुऱ्हाड ही लोखंडाचीच हवीत.

म्हणजे सोने उपयोगी आहे. पण ते महाग आहे, ते मुख्यतः थोडे आहे म्हणून. आपल्या जर्मनच्या पातेल्याचेच बघा. तो धातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. 1850 च्या सुमारास तो सोन्याच्या तोडीचा महाग होता. 1886 साली विजेच्या साह्याने तो काढण्याची स्वस्त रीत सापडली. मग तो घरोघर आला. आज जर्मनच्या पातेल्यासाठी कोणी शेत गहाण टाकतो का? मग सोन्यासाठी का टाकावे?

अडीनडीला सोने उपयोगी पडते, हे खरे. घरच्या बाईला त्याचा आधार असतो. आहे ते जपून ठेवा. पण लेकीच्या अंगावर सोने घालायचे म्हणून जमीन सावकाराकडे टाकू नका. जमीन गेली, तर नांगर घेऊन जायचे कुठे?

घरी गेल्यावर याचा विचार करा. नवराबायको मिळून करा.