दारू सुटते कशी?

(वाणगाव येथे प्रौढ साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



दिवसभर तुम्ही राबला आहात. कुणी मिरचीच्या वाडीत, कुणी चिकूच्या बागेत, कुणी तारापूरच्या कारखान्यात. तरी संध्याकाळी पाटी-पुस्तक घेऊन इथे बसलात. म्हणून आम्ही फार लांबड लावणार नाही. एकाच गोष्टीबद्दल बोलू.

दारू वाईट, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. पिणाऱ्याला तर ते सगळ्यांच्या आधी ठाऊक असते. सकाळी उठून तोच म्हणतो, "आजपासून बंद." आणि दिवस मावळला की पाय आपोआप तिकडे वळतात. मग आमचा प्रश्न असा, की माहीत असून जी एकट्याला सुटत नाही, ती कधी कधी गावेच्या गावे कशी सोडतात? हे आपल्याच मुलखात घडले आहे. ते आज सांगू.

आधी थोडे आकडे

सरकार दर काही वर्षांनी देशभर घरोघरी माणसे पाठवून आरोग्याची पाहणी करते. त्यात दारूचाही प्रश्न असतो. 15 ते 49 वयाच्या दर 100 पुरुषांत किती जण दारू पितात? 2005-06 साली उत्तर आले, सुमारे 32. 2015-16 साली 29. आणि 2019-21 च्या पाहणीत 22. हे आकडे पाटीवर एकाखाली एक लिहा. उतार दिसतो की नाही?

आता कुणी म्हणेल, "लाजेने माणूस खरे सांगत नसेल." तेही धरून चला. पण पूर्वी जे सांगायला लाज वाटत नव्हती, ते सांगायला आज लाज वाटते, हाही बदलच आहे.

हे आपल्याच देशात चालले आहे असेही नाही. अमेरिकेत गॅलप नावाची संस्था 1939 पासून लोकांना हाच प्रश्न विचारत आली आहे. 2025 साली तिथे दर 100 प्रौढांत 54 जण म्हणाले, "आम्ही पितो." इतका कमी आकडा तिथे पूर्वी कधी आला नव्हता. थोडी दारूसुद्धा अंगाला बरी नाही, असे आता तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांना वाटते.

म्हणजे वारा फिरतो आहे. पण वारा आपल्या ओटीवर आपोआप येत नाही. दार उघडावे लागते.

बाटली आली कोठून?

आपले म्हातारे सांगतात, "मोहाची तर आमच्या देवाला लागते. लग्नात लागते. तिला वाईट कसे म्हणावे?" त्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. पूर्वी पाड्यावर मोहाची फुले वेचीत, घरीच दारू काढीत. सण असला, लगीन असले म्हणजे सगळे मिळून पीत. सण सरला की भांडे पालथे. रोजचे पिणे नव्हते, आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते.

मग इंग्रज सरकारने 1878 साली अबकारी कायदा केला. घरी दारू काढणे गुन्हा ठरला. दारू काढण्याचा व विकण्याचा मक्ता पैसेवाल्या गुत्तेदारांना मिळाला. ताडी काढायची तर झाडावर कर बसला. 1892 साली ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरसुद्धा वेगळा कायदा आला. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. जंगलातले फूल, पण वेचून साठवायची चोरी!

आता काय झाले पहा. जी वस्तू सणापुरती घरची होती, ती रोज विकत मिळू लागली. गुत्ता बारा महिने उघडा. पैसा नसला तरी गुत्तेदार म्हणायचा, "ने रे, मागाहून दे." अंगठा उठला की वहीत आकडा चढला. किती चढला ते वाचता येत नव्हते. पुष्कळ ठिकाणी गुत्तेदार हाच सावकार आणि हाच जमीनदार. दारूच्या उधारीपायी जमिनी गेल्या आणि ज्याची जमीन होती तोच त्या जमिनीवर वेठीला लागला. तेव्हा मंडळी, बाटलीबरोबर एक वही होती, हे विसरू नका.

देवी आली

ही वही फेकून देण्याची पहिली मोठी हाक कुठून उठली, ठाऊक आहे? आपल्याच किनाऱ्यावरून.

साल 1922. पालघर तालुक्याच्या समुद्रकाठी मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवीची साथ होती. लोक देवीची शांत करीत होते. कुणाच्या अंगात वारे येई आणि त्याच्या तोंडून देवी बोले. देवीने सांगितले, दारू सोडा, मास-मच्छी सोडा, न्हाऊन-धुऊन स्वच्छ राहा. मासे धरणाऱ्याने मासा सोडायचा, ही काय लहानसहान गोष्ट? पण लोकांनी ती ऐकली.

किनाऱ्यावरून देवी आत आदिवासी पाड्यांवर आली. एका गावी काही दिवस बसवायची, सगळ्या गावाने तिच्यापुढे शपथ घ्यायची, मग पुढच्या गावाच्या शिवेवर तिला पोचवायची. अशी ती गावोगाव चालत डोंगर चढली, नाशिकच्या आणि डांगच्या बाजूला गेली, आणि 1922 च्या नोव्हेंबरापर्यंत सुरत जिल्ह्यात पसरली. तिकडे तिचे नाव पडले सलाबाई. तिकडे तर देवी म्हणू लागली, "गुत्तेदाराकडे कामालाही जाऊ नका." गांधींच्या नावाने शपथा होऊ लागल्या. डेव्हिड हार्डिमन नावाच्या इतिहासकाराने हिंडून, म्हाताऱ्या माणसांना विचारून ही सारी हकिगत गोळा केली आणि 1987 साली तिचे पुस्तक केले.

कुणी हसेल, "अंगात येण्याच्या गोष्टी कसल्या सांगता?" आम्ही अंगात येण्याची भलावण करीत नाही. पण त्यातले मर्म पहा. त्या लोकांजवळ ना शाळा होती, ना वर्तमानपत्र, ना मत. त्यांनी एकमेकांना सांगायचे कसे? देवीच्या तोंडून सांगितले. आणि सांगितले काय? आपल्या घरातून पैसा आणि अब्रू ज्या वाटेने जाते, ती वाट बंद करा. एकाने नव्हे, सगळ्यांनी, एकाच दिवशी.

मग पुन्हा का पडले?

खरे ते सांगितले पाहिजे. ही शपथ सगळीकडे टिकली नाही. दोन-चार वर्षांत पुष्कळ जण पुन्हा पिऊ लागले. सुरत जिल्ह्यात तर जातीत दोन तट पडले. ज्यांनी शपथ पाळली ते वरजेला. जे पुन्हा पिऊ लागले ते सरजेला.

हे असे का झाले? आम्हाला त्याचे उत्तर असे दिसते. देवी पुढच्या गावाला निघून गेली, पण गुत्ता तिथेच राहिला. उधारीची वहीही तिथेच राहिली. मन एका दिवसात फिरते, पण ते फिरलेले राहावे म्हणून रोज कुणीतरी पाठीशी उभे राहावे लागते. जिथे जातभाई एकत्र बसत राहिले, एकमेकांना विचारीत राहिले, तिथे शपथ अधिक टिकली.

कायद्याने किती होते?

स्वराज्य आले. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि 1950 सालापासून सगळ्या राज्यात दारू बंद झाली. हेतू चांगला होता. पण हातभट्ट्या पेटल्या. नाल्याच्या काठी रात्री धूर निघू लागला. पुढे महाराष्ट्रात बंदी हळूहळू सैल झाली. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी केली, ती 2021 साली उठली.

चोरट्या दारूचा धोका तर फारच मोठा. तिच्यात कधी कधी मिथाईल अल्कोहोल नावाचे विष असते. त्याने डोळे जातात, प्राण जातो. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरावर माणसे मेली. सगळी हातावर पोट असलेली.

कायदा नको, असे आम्ही म्हणत नाही. कायदा हे कुंपण आहे. पण राखणदार झोपला तर कुंपण काय करील?

आज काय बदलले?

एक तर काम बदलले. कारखान्यात पाळीवर जायचे, यंत्रापुढे उभे राहायचे. गाडी चुकली की खाडा. रस्त्यावर मोटारसायकल आहे आणि पोलिसांजवळ तोंडाची वाफ तपासण्याचे यंत्र आहे. 2019 सालच्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. जीव गेला तर दंड भरायलाही कुणी उरत नाही.

दुसरे, माहिती वाढली. पूर्वी म्हणत, "थोडी घेतली तर अंगाला बरी." जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले, की दारूचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही. दारूने कर्करोगही होतो.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे, बायका बोलू लागल्या. 1970 नंतरच्या वर्षांत शहाद्याकडच्या आदिवासी बाया गावोगाव फिरून दारूची मडकी फोडीत होत्या. आज आपल्या राज्यात मडके फोडण्याऐवजी मत टाकता येते. 2008 सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या निदान 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की परवान्याच्या दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते.

बायांनो, इथे एक मेख आहे, ती नीट ध्यानात घ्या. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक! म्हणजे जी बाई त्या दिवशी घरी बसली, तिने उभ्या बाटलीलाच हात दिला असे होते. आणि मागणीच्या अर्जावर काय लिहिले आहे ते वाचता यावे, खाली आपली सही आपल्याला करता यावी, यासाठीच हा वर्ग आहे. हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही. ती मुळातच बेकायदा आहे. तिची तक्रार केव्हाही करावी.

एक हिशेब, आणि एक विनंती

आता पाटी घ्या. एक माणूस रोज 60 रुपयांची पितो असे धरा. 30 दिवसांचे किती? 1800. बारा महिन्यांचे? 21,600. हा आकडा घरी नेऊन मोठ्याने वाचा. मग नवरा-बायकोने बसून लिहा, इतक्या पैशांत आपल्या घरात काय काय झाले असते. आम्ही सांगणार नाही. तुमचे तुम्ही लिहा.

ज्याला सोडायची आहे त्याला टोमणे मारू नका. ती लत आहे, आजार आहे. जो पुष्कळ वर्षे रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. हातपाय कापतात, भास होतात, फिट येते. कधी जिवावर बेतते. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या. नशामुक्तीसाठी सरकारचा फुकट फोन आहे, 14446. हा आकडा ज्याने त्याने आपल्या वहीत लिहून ठेवा.

आणि शेवटी हे ऐका. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचे गाव आहे. तिथे असाच साक्षरतेचा वर्ग भरत असे. अशाच बाया दिवसभर राबून येत. त्यांच्या पुस्तकात एक धडा होता, दारूने उजाड झालेल्या घराचा. तो वाचताना बाया म्हणाल्या, "ही तर आपलीच गोष्ट." त्या एकत्र निघाल्या आणि गावातले दारूचे दुकान त्यांनी बंद पाडले. 1992 साली ती हाक जिल्हाभर गेली, मग राज्यभर. 1 ऑक्टोबर 1993 पासून तिथल्या सरकारला अरक, म्हणजे गावठी दारू, सगळ्या राज्यात बंद करावी लागली.

आपल्या पणज्यांच्या वेळी लोकांना बोलायला देवी लागली. दुबगुंट्याच्या बायांना एक धडा पुरला. तुमच्या हातात आज पाटी आहे आणि मतही आहे. आमची विनंती एवढीच, की इथून उठल्यावर एकटे घरी जाऊ नका. दोघे-चौघे मिळून जा, आणि वाटेत गुत्ता लागला तर बोलत बोलत पुढे चला. ज्याचे पाय अडखळतील त्याचा हात शेजारच्याने धरावा. उद्याही धरावा, परवाही धरावा.

दारू अशी सुटते.