ताण जातो कोठें?



वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटींत माझें वास्तव्य आहे. सेवानिवृत्त होईपर्यंत मी मुंबईच्या एका प्राथमिक शाळेंत शिकवीत होतों व त्यासाठीं रोज वसई रोड स्थानकावरून लोकलनें जात-येत होतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; तेव्हां शरीरशास्त्रावर अधिकारवाणीनें बोलण्याचा आव मी आणणार नाहीं. परंतु निवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली, आणि त्या वाचनानें माझ्या हातून घडलेल्या एका जुन्या अपराधावर जो प्रकाश पडला, तो आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

एके दिवशीं माझी नेहमीची गाडी चुकली. पुढच्या गाडीच्या दारांत लोंबकळत, धक्के व शिव्या खात मी शाळेंत पोहोंचलों तों पाऊण तास उशीर झाला होता. मुख्याध्यापकांनीं चारचौघांत बोल लावला. तसाच वर्गांत शिरलों आणि पहिल्या बाकावरच्या मुलास कविता म्हणावयास सांगितली. आदल्या दिवशीं त्यानें ती घडाघडा म्हटली होती. आज माझा चेहरा पाहून तो उभा राहिला तो उभाच! मला तो हट्ट वाटला, आणि मीं त्याच्या थोबाडींत दिली.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहा. धोका जाणवतांच अधिवृक्क ग्रंथि, म्हणजे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथि, प्रथम ॲड्रिनलीन सोडतात. मेंदूच्या तळाशीं असलेला हायपोथॅलॅमस पिट्युइटरी ग्रंथीस इशारा देतो, आणि तिच्या सांगण्यावरून त्याच अधिवृक्क ग्रंथि कांहीं मिनिटांत कॉर्टिसॉल नांवाचें दुसरें संप्रेरक सोडूं लागतात. संप्रेरक म्हणजे ज्यास आपण व्यवहारांत हॉर्मोन म्हणतों तें. हृदय धडधडतें, रक्तांत साखर उतरते, पचनाचें काम मागें पडतें. वाघापुढून पळावयाचें असल्यास ही व्यवस्था उत्तम. परंतु वाघाचें संकट घटकाभराचें असतें. लोकलची गर्दी, घराचा हप्ता आणि वरिष्ठांची नाराजी हीं रोजचीं असतात. दीर्घ काळ चाललेल्या ताणानें शरीर झिजतें, हें हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालापासून उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें.

पुढें १९६८ सालीं न्यूयॉर्क येथें ब्रूस मॅक्यूएन व त्यांच्या सहकाऱ्यांना असें आढळलें कीं, याच जातीचें संप्रेरक उंदराच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस या भागांत जाऊन चिकटतें; आणि हा भाग तर स्मृतीशीं निगडित! अल्प ताणानें स्मरण तल्लख होतें. तोच ताण अतिरेकास गेला म्हणजे आठवणीची वाट अडते. त्या मुलाला कविता येत होती. ती बाहेर येण्याची वाट माझ्या चेहऱ्यानें अडविली होती. शिवाय ताण लांबला म्हणजे कपाळामागील जो मेंदूचा भाग आपणांस आवरून धरतो, तोहि दुबळा पडतो आणि भय व क्रोध यांचें केंद्र बळावतें. म्हणजे विद्यार्थी विसरला आणि शिक्षकाचा तोल गेला, या दोहोंचें मूळ एकच होतें.

तथापि एवढ्यानें मी दोषमुक्त होत नाहीं. प्राण्यांच्या निरीक्षणांत असें दिसतें कीं, वरचढाकडून मार खाल्लेला प्राणी आपल्याहून दुबळ्यास बोचकारतो, आणि तसें केल्यानें त्याचा स्वतःचा ताण उतरतो. मुख्याध्यापकांचा शब्द माझ्या हातांतून त्या मुलाच्या गालावर उतरला. त्यानंतर मला क्षणभर हलकें वाटलें, हें सांगतांना आजहि मान खालीं जाते.

मग हा निसर्गनियमच समजावा काय? केनियांतील बबून जातीच्या वानरांचा रॉबर्ट सापोल्स्की यांनीं अनेक वर्षें अभ्यास केला. या कळपांत बलिष्ठ नर दुबळ्यांस छळतात व दुबळ्यांच्या रक्तांत कॉर्टिसॉल चढें राहतें. १९८० नंतर एका कळपांतील दांडगे नर पर्यटकनिवासाच्या उकिरड्यावरील क्षयदूषित मांस खाऊन मेले. मागें माद्या व सौम्य नर राहिले, आणि छळ ओसरला. पुढें दहाएक वर्षांत ते नरहि उरले नाहींत. बाहेरून नवे आले. परंतु त्यांनीं तीच सौम्य रीत उचलली, आणि त्या कळपांतील दुबळ्यांच्या अंगीं ताणाचीं नेहमींचीं लक्षणें दिसेनात. हा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. वानरांचीं संप्रेरकें बदललीं नव्हतीं. घरची वागणूक बदलली होती.

आपल्या विरार गाडीचेंच पाहा ना! बोरिवलीचा उतारू चुकून आंत शिरला तर त्यास उतरूं न देणारे आपणच. पण ११ जुलै २००६ च्या संध्याकाळीं याच पश्चिम मार्गावरील गाड्यांत सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हां काय झालें? मदतपथकें येण्याची वाट न पाहतां प्रवाशांनीं आणि रुळांकाठच्या झोपड्यांतील लोकांनीं घरांतल्या चादरींत घालून जखमींना हलविलें. तो कोणत्या स्थानकाचा, हें कोणीं विचारलें नाहीं. भयाचें रसायन त्याहि वेळीं प्रत्येकाच्या रक्तांत उसळत असलेंच पाहिजे. शेली टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं, मुख्यतः स्त्रियांच्या संदर्भांत, असें मांडलें कीं संकटांत प्राणी केवळ लढतो वा पळतो असें नाहीं. तो जवळच्यांस जपतो, एकमेकांस धरून राहतो, आणि यांत ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा वांटा असावा. मात्र कांहीं प्रयोगांत हें ऑक्सिटोसिन ‘आपल्या’ माणसांपुरतेंच माया वाढवितांना दिसलें आहे. तेव्हां ‘आपलें’ कोण, हें ठरविण्याचें काम संप्रेरकावर सोंपवून चालणार नाहीं; तें आपणच करावयाचें आहे.

म्हणून एक साधी विनंति. कामावरून घरीं आल्यावर घटकाभर कोणास कांहीं विचारूं नये, पाणी प्यावें, श्वास संथ होऊं द्यावा. आणि भ्यालेल्या मुलास उत्तर आलें नाहीं, तर त्यास बसवावें व थोड्या वेळानें पुन्हां विचारावें. मीं एवढेंच करावयास हवें होतें.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. कदाचित् या घटकेस तोहि एखाद्या लोकलच्या दारांत उभा असेल आणि घरीं त्याचें मूल वाट पाहत असेल. मीं दिलेलें त्यानें पुढें न द्यावें, एवढीच माझी इच्छा आहे.