कलशावरचं गाव



६ एप्रिल १९४४. तेव्हाच्या जर्मनीतल्या सागान गावाजवळची ‘श्टालाग लुफ्ट ३’ ही वैमानिक युद्धकैद्यांची छावणी. कैद्यांमधले ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी ग्रुप कॅप्टन हर्बर्ट मॅसी यांना कमांडंटने बोलावून घेतलं. मॅसींचा पाय अधू होता. समोर उभ्या असलेल्या कमांडंटने त्यांना एक निवेदन वाचून दाखवलं. भुयारातून पळालेल्यांपैकी ४१ जण अटकेला विरोध करताना किंवा पुन्हा पळताना गोळीबारात ठार झाले, असं त्यात होतं. मॅसींनी विचारलं, जखमी किती? उत्तर आलं, एकही नाही.

एवढ्या ठिकाणी गोळ्या झाडल्या, आणि एकाच्याही हातापायाला लागली नाही! पुढे वर्षानुवर्षं जो तपास चालला त्याचं मूळ मला मॅसींच्या या प्रश्नात दिसतं. मरणाऱ्यांचा आकडा नंतर ५० वर गेला. आज मी त्यातल्या एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. पन्नास म्हटलं की आकडा होतो, आणि आकड्यामागे माणूस हरवतो.

रॉजर बुशेल. जन्म दक्षिण आफ्रिकेत, १९१० सालचा. शिक्षण इंग्लंडमध्ये, पेशाने बॅरिस्टर, ब्रिटिश हवाई दलात स्क्वॉड्रन लीडर. मे १९४० मध्ये फ्रान्सवरच्या लढतीत विमान पडलं आणि तो जर्मनांच्या हाती लागला. दोनदा निसटला. दुसऱ्या खेपेला प्रागमधल्या एका कुटुंबाने त्याला महिनोन्‌महिने घरात लपवून ठेवलं. १९४२ च्या मे महिन्यात तिथला नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्यावर हल्ला झाला, शहरात घरोघर झडत्या सुरू झाल्या, आणि बुशेल सापडला. त्या कुटुंबातली माणसं मारली गेली. बुशेलच्या धाडसाच्या गोष्टी सांगताना लोक या घरापाशी फार वेळ थांबत नाहीत. मला ते बरोबर वाटत नाही.

आता पुन्हा पळालास तर जिवाला मुकशील, अशी तंबी त्याला मिळाली होती. तरीही सागानच्या वाळूत सुमारे ३० फूट खोल भुयार खणण्याची सगळी आखणी त्यानेच केली. २४ मार्च १९४४ च्या रात्री ७६ जण बाहेर पडले. तिघेच सुखरूप पोहोचले. बुशेल आणि त्याचा सोबती, फ्रेंच वैमानिक बर्नार शायडहाउअर, आगगाडीने जर्मनीच्या पार पश्चिम टोकाला, सारब्रुकेनपर्यंत गेले आणि तिथे स्टेशनवर पकडले गेले.

त्यानंतर छावणीत काही दिवस नुसती शांतता. मग कलश येऊ लागले, अस्थींचे. एरवी छावणीत कैदी वारला तर त्याला पुरत, साथीदारांना मानवंदना देऊ देत. इथे देहांची राख करून पाठवली. देह नाही म्हणजे जखम दिसत नाही; गोळी समोरून लागली की मागून, किती अंतरावरून, हे कुणी विचारूच शकत नाही. सगळा पुरावा जळाला, असं करणाऱ्यांना वाटलं असणार. पण जर्मन कारकुनी मोठी काटेकोर. बहुतेक कलशांवर दहन कुठे झालं त्या गावाचं नाव घातलेलं होतं. ब्रेसलाऊ, ग्योर्लिट्झ, सारब्रुकेन.

युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्ये, हवाई दलाच्या तपास शाखेचे फ्रँक मॅकेना जर्मनीत आले. युद्धापूर्वी ते ब्लॅकपूलच्या पोलीस दलात होते. गुन्ह्याला दीड वर्ष होऊन गेलेलं, शहरं पडलेली, गेस्टापोची माणसं खोट्या नावांनी पांगलेली. मग धागा कुठून धरायचा? कलशावरच्या गावापासून. त्या गावात गेस्टापोचा प्रमुख कोण होता, गाडी कुणी चालवली, दहनभूमीवर देह कुणी आणून टाकले. चौकशी अशी एकेका माणसाला धरून पुढे सरकली.

सारब्रुकेनचा प्रमुख लेओपोल्ड श्पान बॉम्बहल्ल्यात आधीच मेला होता. पण गाडीचा चालक सापडला आणि बोलला. श्पानचा हाताखालचा माणूस एमिल शुल्झ फ्रेंचांच्या तुरुंगात खोट्या नावाने बसलेला मिळाला. त्या दोघांच्या जबान्यांतून २९ मार्च १९४४ ची ती पहाट उभी राहिली. दोन्ही कैद्यांना मोटारीत घालून महामार्गाने नेलं. वाटेत लघवीसाठी उतरू दिलं. ते पाठमोरे उभे असताना श्पान आणि शुल्झ यांनी गोळ्या झाडल्या.

निवेदनातलं ‘पळताना’ ते हेच! हुकूम वरून आलेला होता. हिटलर संतापला, आकडा ठरला, आणि बर्लिनमध्ये गुन्हे पोलिसांचा प्रमुख आर्थर नेबे याने नावं निवडली. म्हणून वेगवेगळ्या गावांच्या अहवालांत मरणाचं कारण एकाच साच्यातलं आहे.

जुलै १९४७ मध्ये हॅम्बुर्गला १८ जणांवर खटला उभा राहिला. शुल्झला १९४८ च्या फेब्रुवारीत हामेलनच्या तुरुंगात फाशी झाली. हाताखालच्या माणसाने फक्त हुकूम पाळला, हा बचाव कोर्टाने मानला नाही, आणि तो मानण्याजोगा नव्हताच, असं माझं ठाम मत आहे. उघड्या रस्त्यावर पाठमोऱ्या, नि:शस्त्र माणसावर बंदूक रोखताना आपण काय करतोय हे शुल्झला कळत होतं.

सागानच्या कैद्यांनी मात्र खटल्याची वाट पाहिली नव्हती. १९४४ मध्येच, त्यांच्यावर पहारा असताना, परवानगी काढून त्यांनी गावच्या दफनभूमीत आपल्या हातांनी दगडी स्मारक बांधलं आणि ते कलश त्यात ठेवले. युद्धानंतर अस्थी पोलंडमधल्या पोझनानला हलवल्या. तिथल्या लष्करी दफनभूमीत आज बुशेलच्या नावाचा दगड आहे.