बीटीचा हुकूम



यवतमाळात ‘बीटी’ लहान पोरालाही ठाऊक. पण ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं नाव आहे, हे किती जणांना माहीत? अन्न संपत आलं की हा जिवाणू बीजाणू व्हायच्या तयारीला लागतो. निर्णय ठरतो एका फॉस्फेटवर. रिले शर्यतीतल्या दांडीसारखा तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. मध्येच तो काढून घेणारी प्रथिनंही असतात, घाईचा निर्णय नको म्हणून! शेवटी तो ‘स्पो-शून्य-ए’ या प्रथिनाला मिळाला की बीजाणूची जनुकं चालू होतात, आणि त्याच ओघात अळीला मारणारं प्रथिन बनतं.

2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. जिवाणूचं जनुक झाडात आलं, हुकूम मात्र मागेच राहिला. झाड ते प्रथिन हंगामभर बनवतं. गुलाबी बोंडअळीला सतत तेच विष मिळालं. त्यातून वाचलेल्यांचंच कुळ वाढलं. साध्या कपाशीवरच्या, विष न पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होत राहावा म्हणून पाकिटासोबत नॉन-बीटी सरकीची वेगळी पुडी यायची. कपाशीवाल्या मित्रांनो, खरं सांगा, ती किती जणांनी पेरली?