खुणा वाचा, मग पाना लावा

लासूर स्टेशन हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं बाजाराचं गाव. इथे लष्कराच्या गाड्यांचं काय काम, असं आपल्याला वाटेल. पण लिलावातून सुटलेली 'मिलिटरी डिस्पोजल'ची जीप कुणी शेतकरी हौसेनं घेतो आणि ती अडली, की आमच्यासारख्या फिटरच्या दारात आणून उभी करतो.

या गाड्यांचं कूळ मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या जीप फिलिपाइन्समध्ये प्रवासी गाड्या झाल्या. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे जबलपूरच्या कारखान्यातून शक्तिमान ट्रक आणि जोंगा निघाली. रणांगणावर साध्या हत्यारांनी दुरुस्त व्हावी, अशी या गाड्यांची घडण असते. दुरुस्ती अवघड नाही. पण प्रत्येक गाडीची रीत वेगळी.

पहिली गोष्ट विजेची. युद्धकाळातली जीप सहा व्होल्टची, नंतरच्या अनेक लष्करी गाड्या चोवीस व्होल्टच्या. सहा व्होल्टवर तेवढंच काम करायला करंट जास्त लागतो, म्हणून गंजलेला एखादा जोडही स्टार्टरला मंद करतो. मालक नवी बॅटरी आणतो, दुखणं तसंच. आधी अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून बसवा. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. टेप वाजवायला एकाच बॅटरीवरून तार ओढली, की ती उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही जातात.

दुसरी गोष्ट पुढच्या चाकांच्या दांडीची. चिखलात चारही चाकांना जोर हवा. पण डांबरी रस्त्यावर दांडी तशीच ठेवली, तर वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण गिअरमध्ये अडकतो. मग दांडी निघत नाही. हातोडा मारू नका. गाडी थोडी मागे घ्या, ताण सुटला की दांडी आपोआप मोकळी होते.

तिसरी गोष्ट जिवाची आहे, म्हणून नीट ऐका. काही लष्करी जीपची रिम दोन भागांची असते. मधले पाच नट चाक हबला धरतात. कडेचे आठ नट रिमचे दोन भाग एकत्र धरतात. टायरमध्ये हवा असताना कडेचे नट सोडले, तर रिम तोफगोळ्यासारखी उडते. समोरचा माणूस वाचत नाही. चाक काढायचं तर फक्त मधले नट सोडा. रिम उघडायची तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, मगच पाना लावा. रिंग असलेल्या ट्रकच्या चाकातही हाच धोका असतो. हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवावं. आमच्याकडे नवा पोरगा कामाला लागला, की पहिला धडा हाच असतो.

आणखी एक. जुन्या विलिजच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. बोल्टच्या टोकावर बहुधा इंग्रजी 'एल' कोरलेला दिसतो. तो न पाहता पाइप घालून जोर लावला, की बोल्ट तुटतो आणि दोष गाडीला लागतो.

घेणाऱ्यांनो, लिलावाचे कागद आणि चेसिस नंबर जुळतो का, ते पैसे देण्यापूर्वी पाहा. बाण असलेला लष्करी नंबर हौसेनं ठेवून चालत नाही. आरटीओची नोंदणी हवीच. सैन्यातल्या गाडीवर जागोजागी खुणा असतात. त्या वाचणारा मेकॅनिक शोधा. तो दोन पैसे जास्त घेईल, पण तुमची गाडी आणि स्वतःचे हातपाय सांभाळेल.